रुंदी वाढली, उंचीचे काय?

संगणकाचा पडदा इंचांवर विकला जातो आणि हे इंच एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजलेले असतात. या साध्या गोष्टीने ग्राहकाची जेवढी दिशाभूल होते, तेवढी दुकानदाराच्या गोड बोलण्यानेही होत नसेल. जमिनीचा तुकडा विकताना कोणी या बांधाच्या टोकापासून त्या बांधाच्या टोकापर्यंत तिरपी दोरी धरून ‘एवढी जमीन’ असे सांगू लागला, तर आपल्याकडचा शेतकरी त्याला दारात उभा करणार नाही. तो गुंठे विचारील. पडद्याच्या बाबतीत मात्र चांगला शिकलासवरलेला शहरी माणूसही ‘चौतीस इंच’ एवढे ऐकतो आणि खिशात हात घालतो.

गेली काही वर्षे ‘अल्ट्रावाइड’ या नावाचे लांबोळके पडदे आपल्याकडच्या दुकानांत आणि तेथून घरोघरच्या वादांत शिरले आहेत. नेहमीच्या पडद्याची रुंदी आणि उंची १६ ला ९ या प्रमाणात असते. यांची २१ ला ९ च्या आसपास आणि काहींची तर ३२ ला ९. वादाचे स्वरूप साधारण ठरलेले आहे. कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांना, आणि हल्ली कन्यकांनाही, हा पडदा खेळांसाठी हवा असतो. वीस-पंचवीस हजारांच्या घरात सुरू होऊन लाखाच्या पुढे जाणारी वस्तू निव्वळ खेळासाठी मागितली तर मिळणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून ‘बाबा, तुमचं एक्सेल सबंध दिसेल, आईला दोन कागद शेजारीशेजारी लावता येतील आणि पिक्चर तर अगदी थिएटरसारखा’ अशी तीन आमिषे पुढे केली जातात. खेळासाठी उत्तम तो रोजच्या कामासाठीही उत्तम, असा हा दावा आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, घरात एकच पडदा असणार असेल तर तो रुंद नसावा. खेळाबद्दल चिरंजीव बरेचसे खरे बोलत आहेत. बाकीचे दावे मात्र चाळणीतून काढावे लागतील.

आधी हिशेब पाहू. ३४ इंची रुंद पडद्याची प्रत्यक्ष रुंदी एकतीस इंचांहून थोडी अधिक आणि उंची जेमतेम तेरा इंच भरते. आता १६:९ प्रमाणाचा साधा २७ इंची पडदा घ्या. त्याची उंची सव्वातेरा इंच. म्हणजे हा चौतीस इंची पडदा खरे पाहता सत्तावीस इंचीच आहे. डाव्या-उजव्या बाजूला चार-चार इंचांचे ठिगळ लावलेला. २९ इंची रुंद पडद्याची उंची सव्वाअकरा इंच, म्हणजे साध्या २३ इंचीएवढी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कचेऱ्यांतून आणि बँकांतून सर्रास दिसणारे ते जवळजवळ चौकोनी १९ इंची एलसीडी पडदे वाचकांना आठवत असतील. त्यांची उंची पावणेबारा इंचांहूनही थोडी जास्त होती. तेव्हा भंगारवाल्याने किलोवर नेलेला तो १९ इंची पडदा आजच्या २९ इंचीपेक्षा उंच होता, असे म्हटले तर ते शब्दशः खरे आहे.

क्षेत्रफळाची गोष्ट तर अधिकच मजेची. साध्या ३२ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४३७ चौरस इंच येते आणि ३४ इंची रुंद पडद्याचे ४१२. दोन इंच ‘मोठा’ म्हणून घेतलेला पडदा पंचवीस चौरस इंचांनी लहान निघतो. शाळेत भूमिती शिकलेल्याला यात नवल वाटू नये: कर्ण तोच ठेवून आयत जितका ताणत जावे तितके त्याचे क्षेत्रफळ कमी होते. ४९ इंची म्हणून जो आडवा अजस्र पडदा मिळतो, तो जवळजवळ चार फूट रुंद असतो आणि उंची पुन्हा तीच, सव्वातेरा इंच. दोन सत्तावीस इंची पडदे मधली चौकट काढून जोडले की झाला तो.

मुळात पडदा रुंद का होत गेला? सुरुवातीचा सिनेमा ४ ला ३ या प्रमाणाचा होता, दूरचित्रवाणीने तेच प्रमाण उचलले आणि संगणकाने दूरचित्रवाणीचे. अमेरिकेत घरोघरी टीव्ही आल्यावर प्रेक्षक थिएटरकडे फिरकेनासा झाला, तेव्हा त्याला ओढून आणण्यासाठी हॉलीवूडने पडदा आडवा ताणला. १९५३ साली ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. आपल्याकडे गुरुदत्त यांनी १९५९ मध्ये ‘कागज के फूल’ने तो मान मिळवला. पुढे १९८०च्या दशकात नव्या टीव्हीचे प्रमाण ठरवण्याची वेळ आली तेव्हा केर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने जुने ४:३ आणि सिनेमास्कोप यांच्या बरोबर मधला तोडगा म्हणून १६:९ सुचवले. २०१०च्या सुमारास संगणकाचे पडदेही झाडून त्याच प्रमाणात आले, कारण टीव्हीचे आणि संगणकाचे माप एक असले की कारखान्याला काच कापायला स्वस्त पडते. त्यानंतरचे पाऊल २१:९ चे. फिलिप्सने २००९ मध्ये असा ५६ इंची टीव्ही काढून पाहिला; तो चालला नाही आणि काही वर्षांतच बंद झाला. एलजीने २०१२च्या अखेरीस तेच प्रमाण २९ इंची संगणकाच्या पडद्यावर आणले आणि येथे मात्र ते रुजले. २०१४ मध्ये ३४ इंची आले, २०१७ मध्ये सॅमसंगचे ४९ इंची, २०२३ मध्ये ५७ इंची. या सबंध प्रवासात निर्णय घेतले ते थिएटरवाल्यांनी, टीव्हीवाल्यांनी आणि काच कापणाऱ्यांनी. बसून मजकूर वाचणाऱ्या किंवा लिहिणाऱ्या माणसाला कोणी काही विचारल्याचे दिसत नाही. याला एक सन्माननीय अपवाद आहे. त्याच एलजीने २०२२ मध्ये १६ ला १८ प्रमाणाचा, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त असलेला २८ इंची पडदा काढला. वाचणाऱ्यांसाठी इतकी सोयीची वस्तू दुसरी नसेल. पण तिची जाहिरात करायला कोणी क्रिकेटपटू पुढे आलेला आठवत नाही.

आता खेळ. येथे रुंद पडद्याचे माप त्याच्या पदरात घातलेच पाहिजे. माणसाचे दोन डोळे आडवे बसवलेले आहेत आणि आपल्याला वर-खाली दिसते त्यापेक्षा आजूबाजूला पुष्कळ जास्त दिसते. हात-सव्वादोन हात अंतरावरून साधा २७ इंची पडदा नजरेचा जो भाग व्यापतो, त्यापेक्षा ३४ इंची रुंद पडदा साधारण एक तृतीयांशाने अधिक व्यापतो. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या खेळात चालकाच्या जागी बसले असता साध्या पडद्यावर रस्ता दिसतो. रुंद पडद्यावर रस्त्याबरोबर बाजूच्या काचा आणि आरसेही दिसू लागतात आणि मान न वळवता मागची गाडी कळते. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये विमानाच्या खिडकीतून क्षितिज या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते. ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या नव्या आवृत्तीत सैन्याची हालचाल नकाशावर जास्त लांबपर्यंत डोळ्यांसमोर राहते. ज्याला वाहन चालवण्याचे, उडण्याचे किंवा राज्य चालवण्याचे खेळ आवडतात, त्याला हा पडदा एकदा दाखवला की परत नेणे कठीण. ही अतिशयोक्ती नव्हे.

पण सगळे खेळ असे उदार नसतात. ‘व्हॅलोरंट’सारख्या चुरशीच्या खेळात कोणाला जास्त दिसून अन्याय होऊ नये म्हणून दृश्य १६:९ मध्येच बांधलेले आहे, रुंद पडदेवाल्याला दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या मिळतात. ‘एल्डन रिंग’ हा २०२२ चा गाजलेला खेळही तसाच. ‘ओव्हरवॉच’ने तर २०१६ मध्ये याहून गंमत केली होती: रुंद पडद्यावर बाजूचे जास्त दाखवण्याऐवजी वरचे आणि खालचे कापून टाकले होते, म्हणजे जास्त पैसे देऊन कमी पाहायचे. अनेक खेळांत खेळताना पडदा भरतो, पण मधली कथानकाची दृश्ये सुरू झाली की काळ्या पट्ट्या परत येतात. घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असेल तर प्रश्नच मिटला, कारण ती यंत्रे २१:९ मध्ये चित्र देतच नाहीत. नेमबाजीच्या खेळांत स्पर्धेत उतरणारी मुले आजही २४-२५ इंची साध्या पडद्यावरच खेळतात. सगळे एका नजरेत यावे, डोळा कोपऱ्यांत धावू नये, एवढेच त्यांना हवे असते.

आणखी एक खर्च आहे, तो पावतीवर दिसत नाही. साध्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके असतात. ३४ इंची रुंद पडद्याच्या ३४४० बाय १४४० मध्ये साडेएकोणपन्नास लाख. हे सर्व ठिपके सेकंदाला साठ, शंभर, एकशे चव्वेचाळीस वेळा नव्याने रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. ठिपके अडीचपटीच्या जवळ गेले की जुने कार्ड धापा टाकू लागते आणि पडदा आल्यानंतर सहा महिन्यांत ‘बाबा, आता फक्त एक कार्ड’ हे वाक्य ऐकू येते. ते कार्ड कधीकधी पडद्याहून महाग असते. पडद्याची किंमत विचारताना कार्डाची किंमत त्याच कागदावर लिहावी.

चित्रपटाच्या आमिषात अर्धे तथ्य आहे. सिनेमास्कोपच्या प्रमाणात काढलेला चित्रपट रुंद पडद्यावर काठोकाठ भरतो आणि तो अनुभव खरोखर सुंदर असतो. परंतु घरात आपण पाहतो काय? क्रिकेटचा सामना, बातम्या, मालिका, पाककृतींचे व्हिडिओ, मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ. हे सगळे बहुतांशी १६:९ मध्ये असते. ३४ इंची रुंद पडद्यावर ते २७ इंची चित्राएवढेच दिसते आणि एक चतुर्थांश पडदा काळा राहतो. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ लावला तर तुकोबा मधोमध आणि दोन्हीकडे सात-सात इंचांचा अंधार. त्यात पुष्कळदा यूट्यूबवर चढवलेल्या चित्रपटांच्या वरखाली काळ्या पट्ट्या चित्रातच भाजून ठेवलेल्या असतात. मग सिनेमास्कोप चित्रपटसुद्धा चारही बाजूंनी काळ्या चौकटीत, पाकिटावरच्या तिकिटासारखा दिसतो.

राहिले काम. एक्सेलबद्दलचे म्हणणे खरे आहे. जमाखर्चाचा आडवा तक्ता, शेअर बाजाराचे आलेख, व्हिडिओ जुळवण्याची लांब पट्टी, संगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्याच्या समोरची एकाखाली एक चालणारी वाद्ये, या सर्वांना रुंदी लागते आणि रुंद पडदा ती देतो. ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा संगणक एकाच पडद्यावर अर्धा-अर्धा दाखवण्याची सोयही यांतल्या अनेकांत असते. २०२०च्या टाळेबंदीपासून ज्यांचे ऑफिस घरात आले ते कायमचेच, त्यांना हिचा उपयोग कळेल. मात्र ऑनलाइन बैठकीत आपला पडदा इतरांना दाखवायचा असेल तर काळजी घ्यावी. सबंध रुंद पडदा दाखवला की पलीकडच्या लॅपटॉपवर एक बारीक पट्टी उमटते आणि ‘जरा मोठं कराल का?’ अशी विनवणी सुरू होते.

दोन कागद शेजारीशेजारी लावण्याचे काय? नेहमीच्या ए-फोर कागदाची उंची पावणेबारा इंचांच्या किंचित आत असते. २९ इंची रुंद पडद्याची उंचीच सव्वाअकरा. त्यावर एकही पान मूळ आकारात सबंध मावत नाही, मग दोन मावण्याचा प्रश्न कोठे येतो? ३४ इंचीवर तीन पाने शेजारीशेजारी बसतात, पण वरचा बटणांचा पट्टा आणि खालची पट्टी जाऊन उरलेल्या उंचीत प्रत्येक पान थोडे आक्रसूनच बसते. तीन पाने एकाच वेळी वाचणारा मनुष्य अजून जन्माला यायचा आहे. एक पान सलग, न सरकवता वाचणारे मात्र घरोघरी आहेत.

आणि येथे मराठी वाचकाचा स्वतंत्र मुद्दा आहे, जो परदेशी परीक्षणांत सापडणार नाही. आपली लिपी आडवी चालते, पण वाढते उभी. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार, ऋकार. ‘कर्तृत्व’ या शब्दात एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार आणि पायाशी ऋकार बसलेला आहे. यामुळे दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते आणि तेवढ्याच उंचीत ओळी कमी बसतात. उंचीची कंजूषी इंग्रजी वाचणाऱ्याला जेवढी जाणवते, त्याहून आपल्याला अधिक जाणवते. मुलांच्या शाळेच्या मराठी सूचना, सोसायटीचे इतिवृत्त, सातबारा, आजोबांचे रोजचे ई-पेपर, हे सगळे उभे कागद आहेत.

दुसरे असे की, आपली काही अक्षरे एका केसाने वेगळी आहेत. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक तो शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीचा. ती फट दिसायला इंचात पुरेसे ठिपके हवेत. स्वस्त म्हणून जे ३४ इंची पडदे खपवले जातात, त्यांत पुष्कळदा २५६० बाय १०८० एवढेच ठिपके असतात, म्हणजे इंचाला ८२. त्यावर बारीक टाइपातले मराठी वाचताना ‘भात’ की ‘मात’ हे संदर्भावरून ठरवावे लागते. ३४४० बाय १४४० असेल तर इंचाला ११० ठिपके येतात आणि अक्षर सावरते. साध्या २७ इंची फोर-के पडद्यावर हाच आकडा १६३ आहे. तेथे मराठी मजकूर छापल्यासारखा दिसतो. पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना या आकड्यांतला फरक जाहिरातीशिवाय कळतो.

हल्ली ‘ओलेड’ पडद्यांचा मोठा गवगवा आहे. रंग आणि काळोख या बाबतींत त्यांना तोड नाही, हे मान्य. पण २०२२ पासून खेळणाऱ्यांत लोकप्रिय झालेल्या ‘क्यूडी-ओलेड’ जातीच्या पडद्यांत लाल, हिरवे, निळे ठिपके एका ओळीत नसून त्रिकोणात मांडलेले असतात आणि त्यामुळे आडव्या रेषांच्या कडांना पुसट रंगीत किनार येते. आपल्या लिपीत तर प्रत्येक शब्दावर आडवी रेषा आहे! शिवाय एकच चित्र तासन्‌तास एका जागी राहिले तर त्याचा डाग पडण्याची भीती या जातीला असते; दिवसभर तेच एक्सेल उघडे ठेवणाऱ्या घरात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

वक्रतेबद्दलही थोडे बोलले पाहिजे. बहुतेक रुंद पडदे आतल्या बाजूला वळवलेले असतात. त्यांवर ‘१८००आर’ किंवा ‘१०००आर’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ १८०० किंवा १००० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. हे वळण फसवे नाही. एवढ्या रुंद पडद्याची टोके डोळ्यांपासून सारख्या अंतरावर राहावीत म्हणून ते योग्यच आहे. पण वर्तुळाला मध्य एकच असतो, आणि तेथे खुर्चीही एकच मावते. शेजारी स्टुलावर बसून आईने मुलाचा अर्ज भरून घेणे, आजीने नातीच्या खांद्यावरून परदेशातल्या लेकाशी बोलणे, रात्री चौघांनी पलंगावरून सामना पाहणे, या सगळ्यांसाठी ते वळण आडवे येते. चिरंजीव म्हणतात तसा हा पडदा सगळ्यांचा असेल तर त्याच्यासमोर दोघांना तरी धड बसता आले पाहिजे.

म्हणून आमचा सल्ला असा. ज्याचे काम आणि खेळ दोन्ही आडवे आहेत, ज्याला स्वतःचे टेबल आहे आणि त्या टेबलावर दुसरा कोणी बसणार नाही, त्याने ३४ इंची ३४४० बाय १४४० चा रुंद पडदा खुशाल घ्यावा. हिशेबनीस, व्हिडिओ जुळवणारे आणि ट्रक-विमानांचे शौकीन यांना तो मानवेल. ३४ इंचांत १०८० ठिपक्यांचा पडदा मात्र फुकट मिळाला तरच घ्यावा. ४९ इंचीचा विचार आपल्या फ्लॅटमधल्या तीन-साडेतीन फुटी टेबलांच्या मालकांनी सोडूनच द्यावा. आणि घरात एकच संगणक, एकच पडदा आणि चार माणसे असतील तर तेवढ्याच पैशांत साधा २७ इंची १४४० ठिपक्यांचा किंवा थोडे जास्त घालून ३२ इंची फोर-के घ्यावा. पाय वर-खाली होणारा असला, म्हणजे आठवीतली मुलगी आणि तिचे वडील दोघांचीही मान शाबूत राहील. खेळ त्यावरही उत्तम दिसतात. चिरंजीव आठवडाभर तोंड पाडतील, मग खेळू लागतील.

तरीही निर्णय होत नसेल तर रद्दीतला पेपर घ्यावा. त्याचे दोन तुकडे जोडून-कापून काढावेत: एक ८० सेंटिमीटर रुंद आणि ३३ उंच, म्हणजे ३४ इंची रुंद पडदा, दुसरा ७१ रुंद आणि ४० उंच, म्हणजे ३२ इंची साधा. दोन्ही टेबलामागच्या भिंतीला चिकटवून आठवडाभर तसेच राहू द्यावेत आणि घरातल्या प्रत्येकाला एकदा समोर खुर्ची टाकून बसवावे. रुंद तुकड्याच्या टोकाशी कपाटाचे दार उघडते का, खिडकीचा उजेड कोठे पडतो, स्पीकर कोठे जाणार, हेही तेव्हाच कळून येईल.